लोकप्रशासन आणि स्वयंसेवी संस्थांचं व्यवस्थापन: हे विषय घेतल्यावर कॉलेजात नेमकं काय शिकायला मिळतं?

बारावीनंतर कला शाखेचा प्रवेश अर्ज भरताना विषयांच्या यादीत ‘लोकप्रशासन’ दिसतं. त्यावर खूण करणाऱ्या बहुतेकांचा हिशेब साधा असतो : पुढे एमपीएससी किंवा यूपीएससी करायचीच आहे, मग आतापासून तयारी झालेली बरी. दुसरीकडे काही मुलं-मुली समाजकार्याच्या पदवीकडे वळतात. ‘समाजसेवेची आवड आहे’ एवढंच त्यांचं कारण असतं.

दोन्ही कारणं चुकीची नाहीत, पण अपुरी आहेत. लोकप्रशासनाची पदवी म्हणजे स्पर्धा परीक्षेचा क्लास नव्हे आणि संस्था चालवायला नुसती आवड पुरत नाही. हे उशिरा लक्षात आलं की तीन ते पाच वर्षं हातातून गेलेली असतात. म्हणूनच या विषयांत काय शिकवतात, ते कुठे शिकता येतं आणि त्याचा पुढे काय उपयोग होतो, हे प्रवेशाआधी समजून घेणं गरजेचं आहे.

एका उदाहरणापासून सुरुवात

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी, ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले. त्यांनी घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेतली. तुलनेसाठी प्रयोग न केलेल्या ४७ गावांचीही नोंद ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांशी पडताळून पाहता नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

२०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम केंद्र सरकारने देशभर आशा कार्यकर्त्यांकडे सोपवला. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सहा भेटी, घरी झालं असेल तर सात. सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर आशाला २५० रुपये. भेटींचे दिवस ठरले, नोंदीचा फॉर्म ठरला, प्रशिक्षण ठरलं, पैसे कोणत्या मार्गाने पोचणार हेही ठरलं.

या गोष्टीचे दोन भाग आहेत. ३९ गावांत एखादी कल्पना चालते हे सिद्ध करणं, त्यासाठी माणसं जमवणं, निधी मिळवणं, नोंदी चोख ठेवणं हा पहिला भाग. तो झाला संस्था व्यवस्थापनाचा. तीच कल्पना लाखो गावांत, वेगवेगळ्या राज्यांत, बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली राबवणं हा दुसरा भाग. तो लोकप्रशासनाचा. चांगला हेतू शेवटच्या घरापर्यंत कसा पोचतो आणि पोचत नसेल तर वाटेत कुठे अडतो, हाच दोन्ही विषयांचा गाभा आहे.

हा विषय आला कुठून?

लोकप्रशासनाचा स्वतंत्र विषय म्हणून विचार साधारणपणे १८८७ पासून मोजतात. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन तेव्हा प्राध्यापक होते. त्या वर्षी त्यांनी लिहिलेल्या एका निबंधात प्रशासन हा अभ्यासाचा वेगळा विषय असायला हवा, असं मांडलं. कायदा करणं एक आणि तो राबवणं दुसरं, आणि राबवण्याचंही शास्त्र असतं, हा त्यांचा मुद्दा.

भारतात १९३० च्या दशकात लखनौ आणि मद्रास विद्यापीठांनी हा विषय अभ्यासक्रमात आणला. मात्र या विषयाचा पहिला स्वतंत्र आणि पूर्ण विभाग सुरू करण्याचा मान नागपूर विद्यापीठाकडे जातो. १९४९-५० मध्ये तिथे लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्याचा विभाग सुरू झाला. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या कॉलेजांत बीएला लोकप्रशासन हा विषय आजही ठळकपणे दिसतो.

१९५३ मध्ये अमेरिकन तज्ज्ञ पॉल ॲपलबी यांनी भारतीय प्रशासनाची पाहणी करून अहवाल दिला. त्यानंतर १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली. १९८७ मध्ये यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत लोकप्रशासन वैकल्पिक विषय म्हणून आला. तेव्हापासून हा विषय आणि स्पर्धा परीक्षा ही जोडी लोकांच्या मनात पक्की बसली.

लोकप्रशासनात काय शिकवतात?

पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी सिद्धांत असतात. नोकरशाही नियमांवर आणि पदांच्या उतरंडीवर का चालते, हे जर्मन विचारवंत मॅक्स वेबर यांच्या मांडणीतून शिकवलं जातं. ल्यूथर ग्युलिक यांनी १९३७ मध्ये रूढ केलेला ‘पोस्डकॉर्ब’ हा शब्द पाठ करावा लागतो. नियोजन, संघटन, कर्मचारी भरती, निर्देशन, समन्वय, अहवाल आणि अंदाजपत्रक या सात कामांच्या इंग्रजी नावांवरून तो तयार झाला आहे.

पुढे भारतीय प्रशासन, कर्मचारी प्रशासन, वित्तीय प्रशासन, स्थानिक स्वराज्य संस्था आणि धोरण प्रक्रिया असे पेपर येतात. पाठ्यपुस्तकात हे कोरडं वाटतं. गावातली एखादी गोष्ट समोर ठेवली की ते उलगडतं.

समजा जिल्हा परिषदेच्या शाळेला एक वर्गखोली हवी आहे. मागणी होते, ठराव होतो, अंदाजपत्रक तयार होतं. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असा प्रवास सुरू होतो. काम झालं की अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो. त्यावरून ठेकेदाराचं देयक निघतं. शेवटी निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाला, असं उपयोगिता प्रमाणपत्र जातं आणि पुढे लेखापरीक्षण होतं.

गावकऱ्याच्या दृष्टीने हा नुसता उशीर असतो. विद्यार्थ्याने मात्र प्रत्येक टप्पा का आहे, हे विचारायचं असतं. प्रशासकीय मान्यता म्हणजे या कामावर एवढा खर्च करायला सक्षम अधिकाऱ्याची संमती. तांत्रिक मान्यता म्हणजे आराखडा आणि दर बरोबर असल्याची अभियंत्याची हमी. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी तपासाव्यात, हा त्यामागचा विचार. तो कळला की कोणता टप्पा पैशाचं रक्षण करतो आणि कोणता फक्त फाइल फिरवतो, हे वेगळं करता येतं.

‘मार्च एंड’चंही तसंच आहे. दरवर्षी मार्चमध्ये सरकारी खरेदीला आणि बिलांना अचानक वेग येतो. याचं कारण केवळ आळस किंवा भ्रष्टाचार नाही. विधिमंडळाने मंजूर केलेला निधी एका आर्थिक वर्षापुरता असतो आणि सर्वसाधारण नियमानुसार ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम व्यपगत होते. त्यात निधी वर्षभरात टप्प्याटप्प्याने, अनेकदा उशिरा हाती येतो. पुढच्या वर्षी तरतूद कमी होईल ही धास्तीही असते. नियम चांगल्या हेतूने केलेला असतो, पण त्याचा परिणाम भलताच होतो. असे गुंते ओळखणं हीच वित्तीय प्रशासनाची खरी शिकवण.

स्थानिक स्वराज्याचा भाग महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला सर्वात जवळचा आहे. महाराष्ट्र जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा १९६१ चा. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये लागू झाल्या. त्यांनी पंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांची यादी राज्यघटनेत घातली. यादीतले विषय, निधी आणि कर्मचारी प्रत्यक्षात किती खाली उतरले, हा या विषयातला आजही जिवंत प्रश्न आहे.

संस्था चालवणं हा वेगळा अभ्यास का?

स्वयंसेवी संस्था म्हटलं की डोळ्यांपुढे काम येतं : शाळा, दवाखाना, पाणलोट, बचत गट. अभ्यासक्रमात मात्र कामाइतकाच भर संस्थेच्या आतल्या घडीवर असतो. अनेक चांगली कामं थांबतात ती लोकांचा पाठिंबा संपला म्हणून नव्हे, तर कागद, पैसा आणि विश्वस्तांचे संबंध बिघडले म्हणून.

पहिला पाठ नोंदणीचा. महाराष्ट्रात संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदली तरी तिला सहसा १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. म्हणजेच ती धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली येते. तिसरा पर्याय कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. कोणता मार्ग घ्यायचा यावर पुढची वर्षानुवर्षांची कागदपत्रं ठरतात.

दुसरा पाठ विश्वस्त मंडळाचा. विश्वस्त बदलला, वारला किंवा राजीनामा देऊन गेला, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ म्हणजे फेरफार अहवाल दाखल करायचा असतो. तो राहून गेला की नोंदवहीत जुनीच नावं राहतात. मंडळात वाद झाला तर अधिकृत विश्वस्त कोण, इथपासून भांडण सुरू होतं. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ज्यांनी संस्था काढली त्यांच्या पश्चात ती टिकेल की नाही, हे बऱ्याच अंशी अशा नोंदींवर ठरतं.

तिसरा पाठ पैशाचा. संस्थेकडे येणारा प्रत्येक रुपया सारखा नसतो. देणगीदाराला कर सवलत मिळावी म्हणून ‘८०जी’ या नावाने ओळखली जाणारी मान्यता लागते. करमाफी घेणाऱ्या संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातला किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करायचा असतो. परदेशी देणगीसाठी २०१० चा परकीय योगदान नियमन कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा निधीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला वळवताही येत नाही.

कंपन्यांचा सीएसआर निधी हा आणखी एक स्रोत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ५०० कोटींचं निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. हा पैसा बहुधा एखाद्या ठरावीक प्रकल्पासाठी असतो. त्यातून वह्या घेता येतात, पण हिशेबनीसाचा पगार किंवा कार्यालयाचं भाडं भागवणं कठीण जातं. ही ओढाताण कशी सांभाळायची, हे निधी उभारणी आणि वित्त व्यवस्थापनाच्या पेपरात शिकायचं असतं.

चौथा पाठ परिणाम मोजण्याचा. ‘२०० महिलांना प्रशिक्षण दिलं’ हे झालेलं काम. ‘त्यातल्या किती जणींचं उत्पन्न वाढलं’ हा परिणाम. गडचिरोलीच्या प्रयोगात तुलनेची गावं ठेवली नसती, तर घट प्रयोगामुळे झाली की एरवीही झाली असती, हे सांगता आलं नसतं आणि तो देशभर नेण्याचा आधारही उरला नसता.

दोन्ही एकत्र का शिकायचं?

अमेरिकेत अनेक विद्यापीठांत लोकप्रशासन आणि ना-नफा संस्थांचं व्यवस्थापन एकाच विभागात शिकवतात. तिथे सरकार कितीतरी सेवा संस्थांमार्फत पुरवतं, त्यामुळे आज सरकारी खात्यात असलेला माणूस उद्या संस्थेत असू शकतो. भारतात मात्र ही दोन दालनं वेगळी राहिली. लोकप्रशासन कला शाखेत आणि संस्थांचा अभ्यास समाजकार्य किंवा व्यवस्थापनाच्या विभागात.

कामाच्या जागी ही भिंत टिकत नाही. शालेय पोषण आहार असो, बालगृह असो किंवा व्यसनमुक्ती केंद्र, सरकारचा निधी आणि संस्थेचे हात अनेकदा एकत्र येतात. अनुदान घेतलेल्या संस्थेलाही जिल्हा परिषदेप्रमाणेच उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. अधिकाऱ्याला संस्थेची अडचण कळली नाही तर अनुदान अडतं. संस्थेला शासन निर्णय वाचता आला नाही तर प्रस्ताव परत येतो. मध्ये लाभार्थी ताटकळतो.

कुठे शिकता येतं?

लोकप्रशासन बीएला राज्यातल्या बऱ्याच कॉलेजांत आहे. पदव्युत्तर शिक्षण नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत स्वतंत्र विभागात, तर पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन अशा जोड विभागात होतं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इग्नूचं लोकप्रशासनातलं एमए हा जुना पर्याय आहे. महापालिका किंवा नगरपालिकेच्या कामाशी थेट जोडलेल्या पदविका हव्या असतील तर १९२६ मध्ये स्थापन झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे. स्वच्छता निरीक्षक पदविकेसाठी ती अनेकांना माहीत असते. पुण्याची ‘यशदा’ ही मुख्यतः सेवेत असलेल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देणारी संस्था आहे, हेही लक्षात घ्यावं.

संस्था व्यवस्थापनाकडे जाणारा नेहमीचा रस्ता समाजकार्याच्या पदवीतून म्हणजे बीएसडब्ल्यू-एमएसडब्ल्यूमधून जातो. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ ची. तिचं एक केंद्र तुळजापूरला आहे. मुंबईत निर्मला निकेतन आणि पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही जुनी नावं. व्यवस्थापनाच्या अंगाने जायचं असेल तर वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये गुजरातेत आणंदला सुरू झालेली ‘इर्मा’ आहे. तिथे ग्रामीण व्यवस्थापन शिकवतात. २०२५ मध्ये संसदेच्या कायद्याने तिथे त्रिभुवन सहकारी विद्यापीठ उभं राहिलं.

स्पर्धा परीक्षेला उपयोग होतो का?

होतो, पण मर्यादित. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा आणि एमपीएससीची राज्यसेवा परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. लोकप्रशासनाच्या पदवीधराला त्यात राखीव जागा किंवा जादा गुण नाहीत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५०० गुण असतात आणि सामान्य अध्ययनात शासनकारभाराचा भाग असतो. तिथे हा अभ्यास कामी येतो. पण अर्जांची संख्या दहा लाखांच्या घरात आणि जागा हजाराच्या आसपास, हे गणित पदवी कोणतीही असली तरी बदलत नाही. म्हणून पदवीची किंमत केवळ परीक्षेच्या निकालावर मोजली, तर बहुतेकांच्या पदरी निराशाच येईल.

मग नोकरी कशी मिळते?

खरं सांगायचं तर नुसत्या बीए लोकप्रशासनावर थेट नाव घेता येईल असं पद फारसं नाही. पदव्युत्तर शिक्षणासोबत नेट झालं तर प्राध्यापकीचा मार्ग खुला होतो. समाजकार्याच्या पदवीला काही पदं थेट जोडलेली आहेत. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागितली जाते. याशिवाय संस्थांमध्ये क्षेत्र समन्वयक, प्रकल्प अधिकारी, निधी उभारणी, मूल्यमापन अशी कामं असतात. कंपन्यांच्या सीएसआर विभागात आणि ‘उमेद’सारख्या सरकारी अभियानांतही संधी असते.

यातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की नोकरीही संपू शकते. घरची जबाबदारी असलेल्या विद्यार्थ्याने हे आधीच गृहीत धरावं आणि हिशेब ठेवणं, आकडेवारी हाताळणं, मराठी-इंग्रजीत अहवाल लिहिणं यांपैकी किमान एक कौशल्य पक्कं करावं. प्रकल्प बदलला तरी हे काम लागतंच.

प्रवेशाआधी काय तपासावं?

कॉलेजला चार प्रश्न विचारावेत. क्षेत्रकार्य किती तासांचं आणि कुठे असतं? वित्त आणि हिशेबाचा स्वतंत्र पेपर आहे का? विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहेत का? आणि मागच्या तीन वर्षांतले विद्यार्थी आज काय करतात? नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत. ते एखाद्या ग्रामपंचायतीत किंवा संस्थेत गांभीर्याने पूर्ण केले तर त्यातून चारचौघांना दाखवता येईल असं काम हाती येतं.

विषय आपल्याला मानवेल का, हे पाहण्याचे फुकटचे मार्गही आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेला बसावं आणि कोणता विषय कसा मंजूर झाला ते टिपून घ्यावं. एखादा शासन निर्णय संकेतस्थळावरून उतरवून शेवटपर्यंत वाचावा. एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल घेऊन पैसे कुठून आले आणि कुठे गेले, याचा तक्ता करावा. अडलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करून पाहावा. त्याचं उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यावं लागतं.

ही चार कामं करताना कंटाळा आला, तर दुसरा विषय निवडण्यात काहीच कमीपणा नाही. पण गावातली वर्गखोली नेमकी कोणत्या टेबलावर अडली आहे, हे शोधत बसावंसं वाटलं, तर अर्जातल्या त्या चौकोनात खूण करायला हरकत नाही.